एक कान जाळीचा

यंदा धोंडा वैशाखात आला. अधिक महिना दर तिसऱ्या वर्षी पंचांगात कुठे ना कुठे घुसतोच, कधी श्रावणाच्या आधी, कधी भाद्रपदाच्या; पण वैशाखाची पाळी यायला त्याला बहुधा एकोणीस वर्षं लागतात. लग्न झाल्यापासून असे चार वैशाखी धोंडे मी पाहिले. पहिल्यात मी जावई होतो, दुसऱ्यात मुलांच्या फिया भरणारा बाप, तिसऱ्यात सासरा, आणि या चौथ्यात वाशीमच्या घराच्या ओसरीवर बसवून ठेवलेला आजोबा. पुढचा वैशाखी धोंडा पाहायचा म्हणजे मला शंभरी गाठावी लागेल, आणि तेवढा काळ आमची कुसुम मला सांभाळेल असं तिच्या बोलण्यावरून वाटत नाही.

स्वयंपाकघरात अनारशांचं पीठ भिजतंय. त्याचा आंबूस गोड वास घरभर आहे. बाहेर ऊन असं की अंगणात कुरडया सकाळी घातल्या की दुपारी वाजतात. आणि आतल्या खोलीत आमचा नातू मिहिर दोन हेडफोन घेऊन बसलाय. पुण्याहून आणलेत. दोन्ही भारी, दोन्ही महागडे, पण ठेवायचा एकच. काल सकाळपासून तो एक काढतो, दुसरा घालतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि वहीत लिहितो. मी वही पाहिली. एकाच्या पुढे लिहिलं होतं, ‘आवाज गुबगुबीत, पण थोडा दाटीवाटीचा’. दुसऱ्यापुढे, ‘मोकळा. गाणारा लांब उभा आहे असं वाटतं’.

मला हसू आलं. कुसुमची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अक्षरशत्रू होत्या. पण हेच वाक्य त्यांनी सत्तावन्न वर्षांपूर्वी शेलूबाजारला म्हटलं होतं, तेही पदराला हात पुसत.

त्या काळी वाशीम जिल्हा नव्हता. आम्ही अकोल्यात होतो, आणि आमची राजधानी नागपूर होती. मी मानोऱ्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. लग्नाला दोन वर्षं झाली होती. कुसुमचे वडील नानाजी शेलूबाजारला राहत. मोतीलालशेठ नावाचे जैन व्यापारी होते, त्यांच्यासाठी नानाजी कापसाची पारख करत. हंगामात शेठच्या आवारात गाड्या लागल्या की नानाजी एकेका गाडीत कोपरापर्यंत हात घालत, मूठभर कापूस काढत, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढत, लांब निघाला तो माल चांगला, आणि डोळे मिटून सांगत, ‘हा धनजचा. हा मानोऱ्याकडचा. अन् या गाडीत वर एक हाय, तळाशी एक हाय. घेऊन जा वापस.’ दोन गावचा माल एका गाडीत घालणाऱ्याला ते गावकुसाबाहेरचा माणूस समजत. ओल पाहायची तर सरकी दाताखाली धरून फोडत. कोरडी असली की कट् वाजते, ओली असली की नुसतीच चेंबते. ‘सरकी दातानं नाई, कानानं फोडाची असते,’ असं ते म्हणत. हे ते दुसऱ्या कोणाला म्हणत असताना मी ऐकलं होतं. मला नव्हे.

कारण मला ते काही म्हणतच नसत. हेच तर माझं दुखणं होतं.

दोन वर्षांत मी सासुरवाडीला सहा-सात वेळा गेलो असेन. जेवायला पंगत बसायची ती ठरलेली. मधल्या पाटावर नानाजी, त्यांच्या उजव्या हाताला थोरले जावई, डाव्या हाताला धाकटा जावई, म्हणजे मी. मान जसा मोठा-धाकटा तसा हात उजवा-डावा. थोरले जावई वसंतराव, माझे साडू, अकोल्याला कचेरीत हेडक्लार्क. ते बोलत आणि नानाजी मान डोलवत, हसत, उलट विचारत. मी बोललो की नानाजी भाकरी मोडत राहत. ‘यंदा पाऊस बरा झाला म्हणायचा,’ असं मी म्हणावं आणि त्यांनी आमटी भुरकावी. एकदा मी ‘नानाजी’ म्हणून स्पष्ट हाक मारली, तर त्यांनी वळून वसंतरावांनाच मीठ दिलं.

आता याचा अर्थ काय लावायचा? मी लावायचा तोच लावला. मास्तराला लेक दिली याचा त्यांना पस्तावा झालाय. कुसुमनेही तोच लावला होता. ती मनातून फार कष्टी व्हायची, पण बोलून दाखवायची ते चिडून. ‘माया बापानं तुमच्यासंगं एकडाव तरी दोन शब्द बोलले पाह्यजे,’ ती म्हणायची. ‘तुमीच काही असं करा का त्याइले बोलाच लागंन.’

आणि तशात तो धोंडा आला. वैशाखातला, म्हणजे शाळेला सुट्टी. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं आणि वाण द्यायचं ही आपली रीत. वाण द्यायचं ते जाळीचं, भोकाभोकांचं. म्हणून अनारसे, आणि तेही तेहतीस. नानाजींचं पोस्टकार्ड आलं. खाली सासूबाईंच्या सांगण्यावरून एक ओळ जास्तीची लिहिली होती की शेठजींनी आपला जुना रेडिओ आम्हाला दिला आहे, त्याचा भोंगा बसला आहे पण पोट शाबूत आहे, कानाला लावायचे भोंगे असले तर वाजेल म्हणतात.

कुसुमने ते कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मूर्तिजापूर गाठलं. लढाईत फौजेनं टाकून दिलेलं सामान तिथे एका भंगारवाल्याकडे आलं होतं. त्यात हेडफोनही होते. सबंध जोडी मास्तराच्या खिशाला झेपणारी नव्हती. मग मी ढिगाऱ्यात हात घातला. एक सुटा कान मिळाला, काळा, जड, झाकणाला मधोमध एकच भोक. दुसरा मिळाला तो वेगळ्याच जातीचा, हलका, झाकणाला चाळणीसारखी सात-आठ भोकं. वरची पट्टी तिसऱ्याची. शाळेतल्या रॉकेलच्या चिमणीवर खिळा तापवून मी तारा जोडल्या. कुसुमने जुन्या लुगड्याच्या काठाच्या दोन गाद्या शिवून त्यात कापूस भरला आणि कानांवर चढवल्या. सगळं झाल्यावर जोडी अशी दिसायला लागली की आपण कुठल्यातरी साहेबाचं सामान चोरून आणलंय असं मलाच वाटायला लागलं. आणि माझी जीभ घसरली. ‘विलायती आहे,’ मी कुसुमला म्हणालो. ‘एका साहेबाकडची.’

ती म्हणाली, ‘बरं.’

शेलूबाजारला पोचलो तर माझ्याआधी वसंतराव पोचले होते, आणि त्यांनीही हेडफोन आणला होता. खराखुरा, अमेरिकन, डबीतला, निळ्या कागदात गुंडाळलेला. शांताबाई, त्यांची बायको, ती डबी मांडीवर घेऊन बसली होती. माझा हेडफोन कुसुमच्या पिशवीत वाळवलेल्या सरगुंड्यांच्या पुडीखाली होता.

सासूबाईंनी दोन्ही जोड्या पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. घरात आलेली वस्तू जाळीची असली की धोंड्यात ती पुण्य देणारी, असा त्यांचा हिशेब. त्यांनी वसंतरावांची जोडी उलटीपालटी करून पाहिली. दोन्ही कानांना एकेकच भोक. ‘याले जाळी नाही पडली,’ त्या हळहळल्या, जणू तळताना तूपच गार होतं. मग माझी घेतली. ‘अगं बाई, कुसे! एक कान जाळीचा हाय, अन् एक बिनजाळीचा!’

वसंतरावांचे कान टवकारले. मी घाईने म्हणालो, ‘विलायती पद्धत आहे ती. एका कानानं गाणं ऐकायचं, दुसऱ्यानं बातम्या.’

मुलांना शिकवताना मी असलं कधी बोललो नव्हतो. सासूबाईंना ते पटलं. त्या म्हणाल्या, ‘त्याइले काय, त्याइच्याकडं सारंच येगयं.’

दुपारभर आंबे उतरवायच्या बांबूला बांबू बांधून छपरावर रेडिओची तार चढवण्यात गेली. ऊन मी म्हणत होतं. माठातलं पाणी पिऊन पिऊन पोटं डबडबली. पाच वाजता मोतीलालशेठ आले. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. ते जेवून, मुखवास चघळत आले आणि ओसरीवरच्या गादीवर बसले. म्हणाले, ‘हं, लावा. पाहू कोनाचा जावई जोरात वाजते.’

रेडिओ खरोखरच वाजला. आधी शहनाई होती. मग बायकांचा कार्यक्रम लागला आणि कोणी बाई कैरीच्या लोणच्याबद्दल बोलायला लागल्या. एका वेळी एकालाच ऐकता येत होतं. बाकीचे सगळे ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसत. सासूबाईंनी हेडफोन लावला आणि तिसऱ्याच वाक्याला ओरडल्या, ‘मेथ्या आधी नाही वो बाई, मंग!’ ऐकणारा माणूस आपोआप ओरडून बोलतो हे त्या दिवशी मला कळलं.

मिहिरच्या वहीत जे आहे ते सगळं तिथे झालं. शेठनी वसंतरावांची जोडी लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘छानलेला आवाज हाय. कचरा नाही.’ माझी लावून म्हणाले, ‘यात खडा लागते. एका अंगाले पिठलं, एका अंगाले पापड.’ शांताबाईंना नवऱ्याच्या जोडीत तूप जाणवलं. आणि सासूबाईंनी दोन्ही लावून, पदराला हात पुसत सांगितलं, ‘मास्तरांच्या भोंग्यात बाई माया चुलीपाशी बसून बोलून राह्यली. यांच्या भोंग्यात अंगणात उभी हाय, पन समदं साफ आयकू येते.’

मीही दोन्ही ऐकल्या. खोटं कशाला बोलू? वसंतरावांची जोडी माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगली होती. शहनाई तिच्यात दोन्ही कानांच्या बरोबर मधोमध, डोक्याच्या आत वाजत होती. माझ्या जोडीत ती डाव्या कानात बदाबदा ओतायची आणि उजव्यात ठिबकायची. जड कान डावीकडे आला होता, जाळीचा उजवीकडे. तसं जोडलंय हेही मला तेव्हाच कळलं.

नानाजी सर्वांत शेवटी बसले. आधी माझी जोडी. त्यांनी ती कानाला लावण्याआधी गादी अंगठ्यानं दाबली, शिवणीतून एक पेळू ओढून काढला आणि कुसुमला म्हणाले, ‘हा आपल्याच वावरातला.’ मग मीच ती त्यांच्या डोक्यावर बसवली.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते एकदम ताठ बसले. मग हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांनी दोन्ही हात दोन्ही कानांवर ठेवले, हलक्या हातानं, लहान मुलाचं तोंड धरावं तसे, आणि बराच वेळ काढलेच नाहीत. लोणचं संपलं, भजन लागलं, तरी ते ऐकत होते. वसंतराव दोनदा खाकरले. नंतर त्यांची जोडी लावली तेव्हा नानाजींनी चेहरा वाकडा केला, डावा कान दाबला, सोडला, परत दाबला.

‘कौल घ्या, कौल,’ शेठ म्हणाले. ‘पन तोंडानं नको. जावयांची मनं दुखतात. रुमाल घ्या.’

हीही आमच्या बाजाराची रीत. सौदा करताना भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, आणि दाबलं काय ते दोघांनाच ठाऊक. नानाजींनी आपलं उपरणं हातावर टाकलं. वसंतरावांच्या जोडीला एक बोट, माझ्या जोडीला दोन बोटं असं ठरलं. आम्ही सहा जणांनी एकेक करून उपरण्याखाली हात घातला. माझी पाळी आली. दोन बोटं दाबली असती तरी कोण पाहणार होतं? पण नानाजींचा खरखरीत तळवा हाताला लागला आणि मी एकच बोट दाबलं.

नानाजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. ‘रुमालातलं रुमालात राह्यते,’ ते म्हणाले. ‘माया कौल मास्तरच्या जोडीले. हिचा आवाज दोन्हीकून बराबर येते. वसंतरावांची जोडी एका बाजूनं वाजते.’

कुसुम माझ्याकडे पाहायला लागली आणि मी जमिनीकडे.

वसंतराव लाल झाले. ‘एका बाजूनं? नानाजी, ही तपासून घेतलेली जोडी आहे. शेठजी, तुम्हाला एका बाजूनं ऐकू आली?’

‘नाही बा,’ शेठ म्हणाले. ‘मले तं बराबर वाटली.’

‘मग सोपं आहे,’ वसंतराव कचेरीतल्या आवाजात म्हणाले. ‘जोडी उलटी घाला. दोष जोडीत असेल तर बंद बाजू बदलेल. डावी उजवीकडे जाईल. आणि नाही बदलली...’ ते थांबले, कारण पुढचं त्यांनाही सुचलं नव्हतं.

मला सुचलं. नानाजींचा हात डाव्या कानावर गेला होता आणि तिथेच राहिला होता. ते वसंतरावांकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते शेठकडे पाहत होते. तरुणपणी बारा वर्षं ते कापसातून सरकी काढणाऱ्या जिनमध्ये होते, आणि मशीनचा पट्टा त्यांच्या डाव्या हाताला धडधडत फिरायचा, हे कुसुमनं मला कधीतरी सांगितलं होतं. जेवायला मी बसायचो तोही डाव्या हाताला. दोन वर्षं मी पावसापाण्याच्या, शाळेच्या, तब्येतीच्या गोष्टी एका बंद दारापाशी बोलत होतो आणि आतून कोणी ओ देत नाही म्हणून रुसत होतो.

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. समोर शेठ बसले होते. ‘सरकी कानानं फोडायची’ म्हणणाऱ्या पारख्याचा एक कान गेलाय हे त्यांच्यासमोर उघडं पडलं, तर पुढच्या दिवाळीनंतर गाड्यांपुढे दुसराच कोणी उभा असता.

वसंतराव जोडी उलटी करून नानाजींच्या डोक्याकडे निघाले होते. मी उठून मधे उभा राहिलो.

‘त्याची गरज नाही,’ मी म्हणालो. ‘खोट माझ्या जोडीत आहे. विलायती वगैरे काही नाही. भंगारातले दोन वेगळे कान मी एकत्र जोडलेत. डावा जाड वाजतो, उजवा बारीक. नानाजींनी आधी ती ऐकली, बराच वेळ ऐकली. ठेचा खाल्ल्यावर साधं वरण अळणी लागतं की नाही? तसं तुमची चांगली जोडी त्यांना डावीकडे कमी वाटली. कोणालाही वाटेल.’

शास्त्र म्हणून हे कितपत टिकलं असतं कोण जाणे. पण मी मास्तर होतो आणि मी ते फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सांगितलं. वसंतराव जोडी हातात धरून उभेच राहिले. मग हसायला लागले. ‘भंगारातला! आणि म्हणे साहेबाकडचा!’

शांताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. कुसुम हसली नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘मी तं सकायीच म्हनलं व्हतं!’

शेठ मात्र हसता हसता थांबले आणि नानाजींकडे वळले. ‘पन नानाजी, दोन गावचा माल, अन् तुमाले समजला नाही?’

हा विचार मी केलाच नव्हता. एक खड्डा बुजवायला गेलो आणि दुसरा खणून ठेवला.

नानाजींनी हात कानावरून काढला. डोळे मिटले. गाडीपुढे उभे राहून सांगत त्याच सुरात म्हणाले, ‘समजला नाही कसा? कानाले लावल्याबरोबर समजला. डावा येगया, उजवा येगया. मी वाट पाहून राह्यलो व्हतो, का मास्तर आपल्या तोंडानं सांगते का नाही.’

‘वा!’ शेठनी मांडीवर थाप मारली. ‘याले म्हन्ते पारख!’ आणि पुढे कित्येक वर्षं शेठ ही गोष्ट बाजारात सांगत राहिले, की आमचे नानाजी नुसता कापूस नाही, जावईसुद्धा पारखतात.

‘आवाज इचारसान तं वसंतरावांचाच चांगला,’ नानाजी म्हणाले. वसंतरावांची छाती परत जागेवर आली. ‘पन जोडी मी मास्तरची ठेवतो.’

‘काहून?’ शेठनी विचारलं.

‘खोटं बोलून आनली, खरं बोलून देली. असा माल रोज नाही येत.’

मागच्या अंगणात कुसुम राखेनं ताटं घासत होती. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. ती घासता घासताच म्हणाली, ‘मलेबी विलायतीच सांगतलं व्हतं तुमी.’

‘हो.’

‘मले म्हाईत व्हतं. शायेत चिमणीवर खिया तापवून राह्यले व्हते तवा मी डबा घेऊन दारात उभी व्हती.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘पाहून राह्यली व्हती, कवा सांगता ते.’

बाप तशी लेक. त्यामुळेच मला आजतागायत कळलेलं नाही की नानाजींना खरंच पहिल्याच घडीला समजलं होतं की शेठच्या प्रश्नावर त्यांनी ती थाप तिथल्या तिथे घडवली. मी तिला विचारलं, ‘बोटं किती दाबलीस?’

‘एक.’

‘अगं, निदान तू तरी!’

‘बापाच्या हातात हात देऊन खोटं कसं दाबू?’ ती म्हणाली आणि मग मात्र ताटासकट हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण झालं. सासूबाईंनी चांदीच्या वाटीत दिवा लावून वाण दिलं, तेहतीस अनारसे, एकाहून एक जाळी पडलेले, वर खसखस. त्या वेळी पंगत मांडताना एक गोष्ट घडली. पाट नेहमीसारखे मांडले होते. मी डावीकडच्या पाटावर बसायला वाकलो, तेवढ्यात नानाजी म्हणाले, ‘मास्तर, तुमी इकडून बसा.’ आणि उजवीकडचा पाट हातानं थोपटला. वसंतरावांनी भुवया उंचावल्या. नानाजी त्यांना म्हणाले, ‘तुमचा आवाज मोठा हाय. कोठूनबी आयकू येते.’ वसंतरावांना तो मान वाटला आणि ते आनंदानं डावीकडे बसले.

भात वाढल्यावर नानाजी माझ्याकडे न पाहता, ओठ फारसे न हलवता म्हणाले, ‘पाच जनाइनं एक बोट दाबलं व्हतं. तुमीबी.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘आणि दोन बोटं कोणी दाबली?’

नानाजींनी डोळ्यांनी डावीकडे दाखवलं. वसंतराव पुरणपोळीवर तूप ओतून घेत होते. आपली जोडी जिंकणारच या खात्रीनं त्यांनी मोठ्या मनानं धाकट्या साडूला एक कौल देऊन टाकला होता! मी इतका हसलो की ठसका लागला. नानाजीही हसले. ‘रुमालातलं रुमालात,’ ते म्हणाले आणि मग विचारलं, ‘तुमच्याकडं पाऊस कसा झाला व्हता वो औंदा?’

त्या जेवणात आम्ही दोघे दीड तास बोललो. आतून वाढायला येणारी कुसुम प्रत्येक खेपेला थोडा जास्तच वेळ थांबायची.

नानाजी पुढे बावीस वर्षं जगले. कानाबद्दल ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मी गेलो की फक्त पाट थोपटायचे. ती जोडी त्यांच्या उशाशी खिळ्याला असायची. जाळीच्या कानाच्या गादीतला कापूस कुसुम दर दिवाळीला बदलायची.

आता माझाही डावा कान गेलाय. मी काही कुठल्या जिनमध्ये नव्हतो. पोरांच्या पाढ्यांनी गेला असेल. कुसुमला हे ठाऊक आहे. मला ऐकवायचं असलं की ती उजवीकडून बोलते आणि मनातलं बोलायचं असलं की डावीकडून. घरात बाकी कोणाला मी कळू दिलेलं नाही. म्हाताऱ्याचे अवयव एकेक करून जाहीर झाले की लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागतात.

काल संध्याकाळी मिहिर दोन्ही हेडफोन घेऊन ओसरीवर आला. ‘आजोबा, माझं ठरतच नाही. तुम्ही सांगा.’

कॉम्प्युटरवर त्यानं शहनाई लावली, मला आवडते म्हणून. पहिला हेडफोन घातला. ‘एका बाजूनं वाजतो रे हा,’ मी म्हणून गेलो. म्हटल्यावर जीभ चावली. त्यानं दुसरा घातला. तोही तसाच वाजला, पण या वेळी मी नुसतंच ‘हं’ म्हटलं.

मिहिर माझ्याकडे पाहत राहिला. आता हा म्हणणार, उलटा घालून बघा, असं मला वाटलं. मी उपरणं खांद्यावर नीट केलं. तो कॉम्प्युटरकडे वळला, दोन-तीनदा टिकटिक केलं आणि तोच दुसरा हेडफोन पुन्हा माझ्या डोक्यावर नीट बसवला.

शहनाई एकदम डोक्याच्या मधोमध आली. दोन्हीकून बराबर.

‘काय केलंस?’ मी ओरडलोच.

‘काही नाही, आजोबा. तो पहिला खराबच आहे. तुम्ही बरोबर ओळखलंत. हाच ठेवतो.’

चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस मी. पडद्यावर डाव्या-उजव्या आवाजाची एक आडवी रेघ होती, तिच्यावरचं बटण मधून सरकून चांगलंच डावीकडे जाऊन बसलं होतं, ते मला चष्म्याशिवायही दिसलं. मी म्हटलं, ‘ठेव. याचा धागा लांब आहे.’

तो हसला. मग आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला.